पोट्टीले बैल कायले?

मागच्या शनिवारी इथे काही उमटलं नाही याची चौकशी फक्त दोन जणांनी केली, आणि त्यातली एक माझी बायको होती, जी त्या शनिवारी गाडीत माझ्या शेजारीच बसली होती. असो. कारण साधं होतं. पोळ्यासाठी अमरावतीला गेलो होतो. हापिसात रजा मागितली तेव्हा आमच्या बंगलोरच्या मॅनेजरने विचारलं, कुठला सण? म्हटलं, बैलांचा. तो दोन सेकंद गप्प बसला आणि मग म्हणाला, "ओके, एन्जॉय." त्याला दुसऱ्या दिवसाबद्दल, म्हणजे लाकडी बैलांच्या सणाबद्दल सांगायचं धाडस झालं नाही. ती रजा 'पर्सनल वर्क' म्हणून टाकली.

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो, वऱ्हाडातल्यांनी हा परिच्छेद उडवला तरी चालेल. पोळा श्रावणातल्या अमावस्येला. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, पोळ्याला त्यांना धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची, पुरणपोळी चारायची आणि संध्याकाळी तोरणाखाली उभं करायचं. मग पोळा 'फुटतो'. हे कमीअधिक फरकाने तुमच्याकडेही असतं. पण दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आमच्या विदर्भाचा. त्यातले बैल लाकडाचे, खाली चार चाकं, गळ्यात घुंगरमाळ, आणि ओढायला दोरी. पोरंटोरं नटूनथटून आपापले बैल मैदानात आणतात, रांग लागते, सजावटीला बक्षिसं मिळतात, मग दारोदार हिंडायचं. घरची बाई बैलाला आणि पोराला ओवाळते, हातावर पैसे ठेवते. त्या पैशांना बोजारा म्हणतात. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली असं सांगतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रसिद्धच आहे, तिथले नंदी लहान पोराला ओढताच येणार नाहीत एवढाले असतात. तर विचार करा, एक खेळणं, ज्याला स्वतःचा सण आहे! बार्बीला हे जमलेलं नाही.

माझा बैल सागवानी. बाबांनी १९८६ साली आणला, मी तेव्हा सहा वर्षांचा. ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तान्ह्या पोळ्याला मी फेटा बांधून पुढे बैल घेऊन आणि ताई मागे ताट घेऊन, अशी आमची जोडी गल्लीत निघायची. ताटात निरांजन, कुंकू, आणि माझा बोजारा. तो सांभाळायची जबाबदारी तिची. घरी आल्यावर ती मोजून द्यायची आणि मी त्यातले आठ आणे तिला 'द्यायचो'. हे सगळं मला फार गोड आठवण म्हणून लक्षात आहे. म्हणजे, होतं.

ताईचा सण पंधरा दिवसांनी. भाद्रपदातल्या पौर्णिमेला भुलाबाई बसायच्या, त्या थेट कोजागिरीपर्यंत. मातीचे भुलाबाई-भुलोजी, रोज संध्याकाळी पोरी जमायच्या, टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. डबा कानाशी नेऊन हलवायचा आणि आवाजावरून सांगायचं, दाणे की शेव की साखर. यात मी गल्लीत पहिला नंबर होतो हो! गाणी मला ताईपेक्षा जास्त पाठ होती. सासू, नणंद, माहेर, सगळं खड्या आवाजात म्हणायचो, अर्थ न कळता. मग दुसरीत गेल्यावर एका संध्याकाळी शेजारच्या काकांनी मला पोरींच्या घोळक्यात पाहिलं आणि म्हणाले, "काय बे, भुलाबाईत कायले बसते? लुगडं आणू का तुले?" झालं. एवढंच. कोणी मारलं नाही, ओरडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी क्रिकेट खेळायला गेलो, आणि मला क्रिकेट तेव्हाही येत नव्हतं आणि आताही येत नाही.

लेक पाच वर्षांची आहे. (उशिरा लग्न, उशिरा पोर, आयटीतली नेहमीची कथा.) ती झाली तेव्हा मी ठरवलं होतं की हिच्या बाबतीत हे गुलाबी प्रकरण चालू द्यायचं नाही. पुण्यातल्या कुठल्याही मॉलमध्ये खेळण्यांच्या दुकानात जा, दुरूनच दिसतं. एक भिंत गुलाबी, एक निळी-काळी. मध्ये काही वर्षं ते किंडर जॉयचं अंडंसुद्धा मुलांचं निळं आणि मुलींचं गुलाबी असं वेगवेगळं मिळायचं, आत चॉकलेट तेच. तर मी लेकीला ठोकळे आणले, डॉक्टरचा सेट आणला, रिमोटची गाडी आणली. भातुकली मात्र आणायची नाही, हा माझा वटहुकूम. बायको म्हणाली, "तिला हवी असली तर?" मी म्हटलं, हवी कशी असेल, बघितलीच नाही तर? बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जसं मी एखाद्या फ्रेशरकडे बघतो, ज्याने टेस्ट न करता कोड प्रॉडक्शनला टाकलाय.

तुम्हाला आठवत असेल, लॅरी समर्स नावाचे हार्वर्डचे अध्यक्ष होते. २००५ साली त्यांनी विज्ञानात बायका कमी का यावर एक भाषण करून मोठं वादळ ओढवून घेतलं. त्या भाषणात त्यांनी आपल्या दोन मुलींचा किस्सा सांगितला होता. मुलींना मुद्दाम ट्रक आणून दिले, तर त्या म्हणायला लागल्या की बघा, बाबा ट्रकने बाळ ट्रकला कडेवर घेतलंय! आमच्या लेकीने असलं काहीही केलं नाही. तिने गाडीची चारही चाकं काढली आणि त्यांना वरणात बुडवून बघितलं. यावरून कोणता सिद्धांत निघतो ते हार्वर्डवाल्यांनी सांगावं.

सिद्धांतांचं असंच आहे. २००२ साली अलेक्झांडर आणि हाइन्स या दोन संशोधक बायकांनी व्हर्वेट जातीच्या माकडांपुढे खेळणी ठेवली. नर माकडं चेंडू आणि गाडीशी जास्त वेळ खेळली, माद्या बाहुली आणि स्वयंपाकाच्या भांड्याशी. बघा, निसर्गच आहे, असं म्हणणाऱ्यांना हा प्रयोग फार आवडतो. मला त्यातलं भांडं आवडतं. माकडीण स्वयंपाक करत नाही हो! तिला त्या भांड्यात काय दिसलं असेल, रंग, आकार की आणखी काही, देव जाणे, पण भांडं 'बायकी' आहे हे तिला नव्हे, आपल्याला माहीत आहे. याच्या उलट १९७५ सालचा अमेरिकेतला एक प्रयोग. तीन महिन्यांचं एक बाळ, पिवळे कपडे घातलेलं. येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी काहींना सांगितलं मुलगी आहे, काहींना मुलगा, काहींना काहीच नाही. ज्यांना मुलगी सांगितलं ते बाहुली जास्त पुढे करत होते. बाळ तेच. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं ते बाळाची मूठ घट्ट आहे की सैल यावरून ठरवायला लागले! मला वाटतं दोन्ही प्रयोगांत थोडं थोडं खरं असेल. पण माकडाच्या पोराला शेजारचे काका नसतात.

बरं, परत अमरावतीला.

या वेळी लेकीने आजीकडे बैलाच्या गोष्टी ऐकल्या आणि मग तिला बैल हवाच झाला. आईने माळ्यावरून माझा जुना काढला. मागचं एक चाक नाही, एक शिंग गेलेलं, पण लाकूड मस्त. चाक बसवून मिळतं का बघायला आम्ही बाप-लेक जवाहर गेटच्या आत बाजारात गेलो. परकोटाच्या आतल्या त्या गल्ल्यांत पोळ्याच्या आधी नुसती रांगच असते बैलांची, तळहाताएवढ्यापासून कुत्र्याएवढ्यापर्यंत. दुकानदाराने माझ्याकडेच बघत विचारलं, "किती वर्षाचा हाय पोट्टा?"

म्हटलं, "ही आहे. पाच वर्षांची."

त्याने खाली पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि मागच्या फळीवरून एक बैल काढला. गुलाबी! म्हणजे बैल पांढराच, पण झूल गुलाबी, शिंगं गुलाबी, वर चमकी. "हा घ्या न साहेब. हलका हाय, पोट्टीले ओढाले बरा." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. तो माणूस वाईट नव्हता हं. उलट म्हणाला, "आता पोट्ट्याबी येतात न बैल घेऊन. दोन-तीन सालापासून लय येतात. म्हणून तर ठेवतो." म्हणजे मागणी आली तसा पुरवठा झाला, आणि पुरवठा आला तो रंग घेऊनच. लेकीने गुलाबी बैल उचलला, खाली ठेवला, आणि रांगेतला सगळ्यात जड तपकिरी बैल धरून बसली. मी खूष! चार लोकांत कॉलर ताठ. नंतर कळलं की त्याच्या पोटाखाली लोखंडी घंटी होती, बाकी तत्त्व वगैरे काही नाही. सुटं चाक कोणाकडेच नव्हतं, म्हणून जुना बैल गाडीच्या डिकीतच राहिला.

मैदानात खरंच पोरी होत्या. नऊवारी, नथ, कुंकू. तीनात एक तरी असेल. हे आमच्या लहानपणी नव्हतं, आणि बघून बरं वाटलं. पण इंजिनिअरची खोड, मी बक्षिसं मोजत बसलो. सजावटीची तिन्ही पोरांना, वेशभूषेची तिन्ही पोरींना. परीक्षक बाईच होत्या.

संध्याकाळी बोजारा मागायला निघालो. दोन घरं सोडून राहणाऱ्या काकू (वय सत्तरच्या पुढे, मला लहानपणी ओवाळलेल्या) दारात आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अगे माय! पोट्टीले बैल कायले वो?" आणि मग पोटभर हसून, ओवाळून, तिच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. आधीच्या पोराला दहा दिले होते. म्हणजे टोमणाही मिळाला आणि चौपट जास्त बोजाराही. पूर्ण गल्लीत हेच झालं. "शेतकरीण हाय बाप्पा!" लेकीने चारशे सत्तर रुपये कमावले आणि त्या रात्री बैलाला पोळी भरवून ती झोपली. मी फोटो टाकले, एकशे अठ्ठावीस लाईक्स आले, आणि मला वाटायला लागलं की मी फारच चांगला बाप आहे.

ही हवा दुसऱ्या दिवशी अकोल्यात उतरली.

अकोला बायकोचं माहेर, आणि ताईचं सासरही अकोलाच. अमरावतीहून शंभरेक किलोमीटर. मूर्तिजापूरवरून जाणारा हा तोच रस्ता, जिथे जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर साडेचार दिवसांच्या आत टाकून गिनीज बुकात नाव लागलं. त्याआधी वर्षानुवर्षं तो रस्ता काय होता हे ज्यांनी त्यावरून बाळंतिणी नेल्या त्यांना विचारा. तर सासरी पोचलो. बायकोचा भाचा, म्हणजे तिच्या भावाचा मुलगा, सहा वर्षांचा. मोठा गोड पोरगा. दारात आला नाही. शोधला तर दिवाणाखाली. तिथे बुटांच्या खोक्याची चूल, औषधाच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे भांडी, आणि तो पालथा पडून वरणाला फोडणी देतोय. मला बघून झाकणं पटकन पोटाखाली घेतली.

हे का, ते मला माहीत होतं. मीच तिथे हजर होतो. मागच्या दिवाळीत मी त्याच्यासाठी रिमोटची गाडी नेली होती. त्याने गाडी बाजूला ठेवली आणि शेजारच्या मुलीचा किचनसेट मांडून बसला. दोन तास मन लावून. सासऱ्यांनी बघितलं, सेट उचलून परत देऊन आले, आणि म्हणाले, "पोट्टा हाय का पोट्टी? चूल खेळते!" पोरगं रडायला लागलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी पुण्याचा, शिकलेला, मुलीला डॉक्टरचा सेट आणणारा. आणि मी काय केलं? हसलो. म्हणालो, "अहो बाबा, शेफ होईल! फाईव्ह स्टारमध्ये काय पगार असतात माहितीये का?" वातावरण निवळलं. किचनसेट काही परत आला नाही.

१९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने सैनिकाचा बाहुला काढला, जी. आय. जो. कपडे बदलता येणारा, हातपाय वाकणारा बाहुलाच. पण मुलगे बाहुली घेणार नाहीत, त्यांचे बाप घेऊन देणार नाहीत, म्हणून कंपनीने 'डॉल' हा शब्दच काढून टाकला आणि 'ॲक्शन फिगर' असा नवा शब्द तयार केला. बाहुली तीच, नाव बदललं, आणि दणकून खपली. मी 'शेफ' म्हणालो ते हेच होतं. पोराला चूल खेळायला आवडते हे चालत नाही, पण त्याला पगाराचं पॅकेज जोडलं की चालतं. माझ्या लेकीने बैल ओढला तेव्हा कोणाला असं काही जोडावं लागलं नव्हतं. ती वर चढत होती ना! बैल म्हणजे वरची पायरी. हा बिचारा खाली उतरत होता.

आणि गंमत बघा. माझे सासरे म्हणजे रोडग्यांचे तज्ज्ञ. वऱ्हाडात शेतात किंवा देवळापाशी रोडग्यांचा कार्यक्रम असला की गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, मोठ्या गंजात वांग्याची भाजी करायची, आणि हे बहुतेक पुरुषच करतात. दोनशे माणसांच्या भाजीला तिखट-मीठ सासऱ्यांच्या अंदाजाने पडतं. लोक त्यांना मुद्दाम बोलावतात. या वेळी मी जेवताना हिंमत करून विचारलंच. म्हटलं, "बाबा, तुमच्या हातची वांग्याची भाजी गावात प्रसिद्ध. मग नातवाने चूल मांडली तर काय बिघडलं?"

ते घास चावत राहिले. मग म्हणाले, "जवाईबापू, ते अलग असते."

"कसं?"

"ते शेतात असते."

मला हे उत्तर इतकं प्रामाणिक वाटलं की पुढे काही बोलताच आलं नाही. घरातली रोजची पोळी ती कोणाची आणि शेतातला वर्षातून दोनदाचा रोडगा तो कोणाचा, हे सगळं त्या चार शब्दांत होतं. मेहुणा मात्र ताटावरून न उठता म्हणाला, "तसा आणून दे न त्याले एक, लपून तरी खेळणार नाही." सासऱ्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. टीव्हीचा आवाज मोठा होता.

आईला हा किस्सा फोनवर सांगितला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मास्तरीण होती. तिला बालभारतीचं २०१९ सालचं दुसरीचं पुस्तक फार आवडलं होतं, ज्यात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवलेत, बाई डॉक्टर आहे, पुरुष इस्त्री करतोय. तिच्या निवृत्तीनंतर आलेलं, तरी तिने मागवून घेतलं होतं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, आपल्या वऱ्हाडातल्या बाईने, हे सांगताना तिचा आवाज आजही चढतो. आणि याच आईने १९८६ साली एकाच्या हातात दोरी दिली आणि दुसरीच्या हातात ताट. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "दोन बैल घ्यायला पैसे नव्हते रे." मग थोडं थांबून, "आणि खरं सांगू का, सुचलंच नाही." मग लगेच, "बरं, ताईकडे जातोयस ना? कागदांचं विसरू नको."

हं. कागद. ते मी इथे लिहावं की नाही यावर आठवडाभर विचार केला.

बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. चांदूर बाजार तालुक्यात आमची वडिलोपार्जित साडेपाच एकर आहे. कपाशी, तूर, सोयाबीन, आता ठेक्याने दिलेली. बैलजोडी २०११ मध्येच विकली, ट्रॅक्टरने काम होतं, म्हणजे आमच्या घरात आता बैल उरला तो लाकडाचाच. सातबाऱ्यावर आई, ताई आणि मी, तिघांची नावं लागली. आणि पुढची पायरी वऱ्हाडातच काय, महाराष्ट्रभर सगळ्यांना ठाऊक असते. बहीण हक्कसोड देते. कोणी मागत नाही, कोणी भांडत नाही, वकील मसुदा करतो, ती दुय्यम निबंधकाकडे येऊन सही आणि अंगठा देते, भाऊ साडी घेतो, जेवण होतं. महाराष्ट्रात १९९४ साली कायदा झाला, देशात २००५ साली, मुलगी जन्मानेच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीची. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने उरलेली शंकाही काढून टाकली. कायदा पक्का आहे. त्यामुळेच तर हक्कसोडीचे कागद लागतात.

मला त्या जमिनीचं काय करायचंय? वाकडचा फ्लॅट, अजून अकरा वर्षं हप्ते. ताईचा हिस्सा धरून विकली तर कर्ज जवळजवळ संपतं, न धरता विकली तर नाही. एक्सेलमध्ये दोन्ही शीट करून ठेवले होते. खोटं कशाला बोलू.

ताईकडे चहा झाला. मी डिकीतून जुना बैल आणून दाखवला, म्हटलं बघ, आठवतो का. तिने हातात घेतला, उलटा केला, जिथे चाक नव्हतं तिथे अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हे मी तोडलं होतं."

मला वाटलं गंमत करतेय. अहो, ते चाक समोरच्या घरातल्या मुलाने तोडलं म्हणून मी त्याला १९८८ साली बडवला होता! त्याच्या आईचं आणि आमच्या आईचं महिनाभर बोलणं बंद होतं. ताई म्हणाली, "तू एकदाही दोरी धरू दिली नाहीस. एकदा दे म्हटलं तर म्हणालास, तू ताट धर, ताटाशिवाय बोजारा मिळत नाही. मग रात्री वरवंट्याने हाणलं." हे ती रागाने नाही, असं म्हणाली जसं आपण जुन्या भाड्याच्या घराबद्दल बोलतो. आणि मग तशाच आवाजात, "आईने कागदांचं सांगितलं असेल ना? मी झेरॉक्स काढून ठेवल्यात." फ्रिजवरून पाकीट काढून दिलं. आधार, पॅन, दोन फोटो. "तारीख कळव फक्त, बँकेत रजा टाकावी लागेल."

मी पाकीट हातात धरून बसलो. म्हटलं, "राहू दे ना ताई. आधी बोलू."

"काय बोलायचं त्यात?"

"तुझ्या हिश्श्याचं."

ती हसली. "बायकोला विचारलंस का आधी?"

बायको शेजारीच होती. बिस्किट चहात बुडवत म्हणाली, "मला काय विचारायचंय? मी मागच्या वर्षी इथेच देऊन गेले ना सही. हाच तर घेऊन आला होता गाडीने."

खरं होतं. मी आलो होतो. रजिस्ट्रार ऑफिसबाहेर उसाचा रस प्यायलो होतो, आणि मेहुण्याने घेतलेली पैठणी चांगली आहे असं म्हणालो होतो. ती सही करतेय याचा अर्थ मला तेव्हा रांग किती लांब आहे एवढाच कळला होता. खोलीत कोणी काही बोललं नाही. लेक तेवढी जुन्या बैलाला नव्या बैलाशेजारी उभा करत होती आणि तो दर वेळी कलंडत होता.

पाकीट मी ताईकडेच ठेवून आलो. पुण्याला पोचल्यावर बायकोशी एकदा बोलणं झालं, ते अर्धवट राहिलं, कारण दोन शीटांपैकी कोणतं उघडायचं यावर आम्ही अडलो, आणि मग ती म्हणाली की माझ्या माहेरचं शीट तू कधी केलंच नाहीस. आईला अजून काही सांगितलेलं नाही. भाच्यासाठी परवा एक लाकडी भातुकली कुरिअर केली आहे, सावंतवाडीची, पत्त्यावर मुद्दाम सासऱ्यांचं नाव घातलं. लेकीनेही ती खोक्यात भरायच्या आधी दोन दिवस खेळून घेतली. वटहुकूम रद्द.

आणि काल रात्री ताईचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. जुना बैल, तिच्या टीव्हीच्या शोकेसवर. अकोल्यातल्या कुठल्याशा सुताराकडून तिने चौथं चाक बसवून घेतलंय, बाकी तिघांपेक्षा जरा मोठं झालंय, त्यामुळे बैल थोडा तिरका उभा आहे. खाली एवढंच लिहिलंय: "बोजारा बाकी आहे."